झाड लावलं, आता पाणी कोण घालणार?

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना होणारी पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोलल्यासारखंच ठेवलं आहे.)

बुटीबोरीहून तुमच्याशी बोलतेय. कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून बसलेले, सकाळी नागपूरला कॉलेजला निघालेले, नाइट शिफ्ट संपवून घरी चाललेले, सगळ्यांना रामराम.

आज दोन विषय एकत्र घेतलेत. एक, पर्यावरणासाठीचं श्रमदान. म्हणजे झाडं लावणं, नाला साफ करणं, प्लास्टिक वेचणं. दोन, आपल्याच गल्लीतली अशी माणसं, ज्यांना शिकायला आणि समजायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तुम्ही म्हणाल, "काऊन बाप्पा, यांचा एकमेकांशी काय संबंध?" संबंध आहे. माझं म्हणणं असं आहे की, आपल्या वृक्षारोपणात ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त वानवा आहे, ती ज्यांच्यापाशी असू शकते, त्यांनाच आपण बोलावत नाही. कसं, ते सांगते.

आधी शब्द साफ करून घेऊ

"लर्निंग डिफिकल्टी" हा शब्द आपण ढोबळमानाने वापरतो. त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली, विशिष्ट अध्ययन अक्षमता. डिस्लेक्सिया त्यातलाच. बुद्धी चांगली असते, पण अक्षरं, स्पेलिंग, आकडे यांच्याशी मेंदूचं जुळत नाही. २००७ सालचा 'तारे जमीं पर' आठवतो ना? त्यातला ईशान या गटातला.

दुसरी, बौद्धिक अक्षमता. इथे नवीन गोष्ट शिकणं, पैशांचा हिशेब, एकट्याने प्रवास, वेळेचा अंदाज, अशा रोजच्या व्यवहारात अडचण येते आणि ती लहानपणापासून दिसते. कारणं अनेक असतात. डाउन सिंड्रोम हे त्यातलं एक. कुणाला थोडी मदत लागते, कुणाला दिवसभर.

तिसरी, स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. ही वेगळी अवस्था आहे. काही जणांमध्ये ती बौद्धिक अक्षमतेसोबत असते, काहींमध्ये नसते.

आपल्या देशात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे फक्त ७ प्रकार होते. त्यात डिस्लेक्सिया नव्हता, ऑटिझमही नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले आणि हे दोन्ही त्यात आले. या कायद्याने "मतिमंद" या अर्थाचा जुना शब्दही टाकून दिला. जुन्या संस्थांच्या नावात तो अजून दिसतो आणि आजही एका नावात तुम्हाला तो ऐकू येईल. पण माणसाबद्दल बोलताना आपण तो वापरायचा नाही. शिवी म्हणून तर नाहीच नाही.

आज मी जास्त बोलणार आहे ते दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाबद्दल. पण शेवटी ज्या युक्त्या सांगणार आहे, त्या डिस्लेक्सिया असलेल्या तुमच्या मित्रालाही कामाच्या आहेत. आणि चष्मा घरी विसरलेल्या आजीलाही.

जुलैचा फोटो आणि मे महिन्याची काडी

बुटीबोरी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. नागपूरहून वर्धा रोडने निघालं की साधारण तीस किलोमीटरवर आमचं गाव. एका बाजूला अवाढव्य एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला कापूस-सोयाबीनची काळी जमीन, आणि मधून ट्रकची न संपणारी रांग.

जुलै आला की इथे वृक्षारोपण सुरू होतं. कंपन्या करतात, शाळा करतात, मंडळं करतात. टोप्या, बॅनर, नाश्त्याला पोहे, ग्रुप फोटो. माझी त्याला ना नाही. पण मे महिन्यात त्याच जागी जाऊन पाहा. पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो आणि ट्री गार्डच्या आत एक वाळकी काडी उभी असते.

हे फक्त आपल्या गावाचं दुखणं नाही. १ जुलै २०१६ ला महाराष्ट्रात एकाच दिवशी २ कोटी रोपं लावायचं उद्दिष्ट होतं. पुढे ते ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटींवर गेलं. त्यानंतर विधिमंडळात प्रश्न आला तो हाच, की जगली किती? त्यासाठी चौकशी समिती नेमायची वेळ आली. खड्डे आणि रोपं मोजणं सोपं असतं. जिवंत झाडं मोजायला तीन वर्षांनी परत यावं लागतं.

रोपं मरतात काऊन? विदर्भातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, कोवळी मुळं तुटतात आणि भेगांतून उरलीसुरली ओल निघून जाते. त्यात मोकाट गुरं, शेळ्या आणि रस्त्याच्या कडेला पेटवलेलं वाळलं गवत. रोपाचे पहिले दोन-तीन उन्हाळे काढून दिले, की कडुनिंब, करंज, वड, पिंपळ ही आपली झाडं पुढचं स्वतःच बघतात.

म्हणजे झाडाला लागणारी मुख्य गोष्ट कोणती? उत्साह नाही. नेम. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, कुणी फोटो काढत नसताना, त्याच झाडाजवळ परत जाणं. आणि आपण इथेच कमी पडतो. आपल्याला एकच काम चौथ्यांदा करायचा कंटाळा येतो. परीक्षा येते, शिफ्ट बदलते, क्रिकेटची मॅच असते.

वझ्झरची टेकडी

आता बुटीबोरीहून नागपूरला मागे येऊ आणि तिथून अमरावतीच्या रस्त्याला लागू. अमरावतीच्या पुढे परतवाडा, आणि परतवाड्याजवळ मेळघाटच्या पायथ्याशी वझ्झर नावाचं गाव. अचलपूर तालुका.

तिथे एक बालगृह आहे. पूर्ण नाव, अंबादासपंत वैद्य मतिमंद, मूकबधिर बेवारस बालगृह. हेच ते नाव, ज्यात जुना शब्द ऐकू येईल म्हटलं होतं. चालवतात शंकरबाबा पापळकर. गाडगेबाबांना मानणारा माणूस. एकेकाळी कपडे धुण्याचा व्यवसाय केला, मग 'देवकीनंदन गोपाला' नावाचं मासिक चालवलं. रेल्वे स्टेशनवर, बस स्टँडवर, कचराकुंडीत टाकून दिलेली मुलं पोलिसांमार्फत त्यांच्याकडे येत गेली. कुणाला ऐकू येत नाही, कुणाला दिसत नाही, अनेकांना बौद्धिक अक्षमता. अशा १२३ मुलांच्या कागदपत्रांवर वडील म्हणून त्यांनी स्वतःचं नाव लावलं. १२३ पापळकर! २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा हे नाव महाराष्ट्रभर गेलं.

बातम्यांत अनाथ मुलांचा बाप हा भाग मोठा होऊन आला, आणि यायलाच पाहिजे होता. पण त्याच बातम्यांत एक ओळ असायची, जिच्यावरून लोक पटकन पुढे जायचे. या मुलांनी वझ्झरच्या परिसरात झाडं लावली आणि जगवली. आकडा सांगितला जातो तो सुमारे १५ हजारांचा.

इथे जरा थांबा. आपल्या मंडळात शंभर पोरं असतात. स्मार्टफोन आहेत, गाड्या आहेत, डिग्र्या आहेत, आणि आपल्याला पन्नास झाडं जगवताना घाम फुटतो. आणि ज्यांच्याबद्दल समाज म्हणाला की यांच्याकडून काही होणार नाही, त्यांच्या हातून टेकडी हिरवी झाली. हा चमत्कार आहे का? मला नाही वाटत. कारणं शोधली तर सापडतात.

एक, ती मुलं तिथेच राहतात. झाड दिसतं रोज. पाहुणे येऊन लावून गेलेलं झाड नाही ते, अंगणातलं आहे.

दोन, काम रोजच्या दिवसात बसलेलं आहे. उठणं, आंघोळ, जेवण, तसंच झाड. त्यासाठी वेगळी प्रेरणा लागत नाही.

तीन, काम खरं आहे. "यांचा वेळ जावा म्हणून काहीतरी द्या हातात" असं नाही. पाणी घातलं नाही तर झाड वाळतं, घातलं तर पालवी फुटते. परिणाम डोळ्यांना दिसतो, त्यासाठी वाचता येण्याची गरज नाही.

देवदूत बनवू नका

आता एक सावधगिरी. हे ऐकून कुणी म्हणेल, "वा, म्हणजे या लोकांना एकच एक काम आवडतं, द्या त्यांना पाणी घालायला." तसं नाही हो. ऑटिझम असलेल्या अनेकांना ठरलेला क्रम आवडतो, हे खरं. बौद्धिक अक्षमता असलेला माणूस एखादं काम नीट शिकला, की ते मनापासून आणि त्याच पद्धतीने करत राहतो, असा पालकांचा आणि विशेष शिक्षकांचा अनुभव असतो. पण प्रत्येक जण वेगळा. कुणाला मातीचा स्पर्श सहन होत नाही. कुणाला गर्दी हवी असते, कुणाला नकोच असते. कुणाला झाडात रस नाही, त्याला ढकलगाडी चालवायची आहे. आणि कुणाला सरळ कंटाळा येतो, जसा तुम्हाला-मला येतो. त्यालाही "नाही" म्हणायचा हक्क आहे.

"किती निरागस असतात ना हे" असं म्हणत गालगुच्चा घेणं हाही अपमानच आहे, जर समोरचा माणूस सव्वीस वर्षांचा असेल तर.

अठराव्या वाढदिवसानंतर काय?

हा विषय मला एवढा महत्त्वाचा का वाटतो, ते आता सांगते.

विशेष शाळा असते, पण ती कायमची नसते. बहुतेक ठिकाणी साधारण अठराव्या वर्षी ती संपते. काही ठिकाणी कार्यशाळा असतात, मेणबत्त्या, फाइल, पणत्या वगैरे. पण त्या मोठ्या शहरांत जास्त. बुटीबोरीसारख्या ठिकाणी, जिथे कुटुंब कामासाठी येऊन दोन खोल्यांत राहतं, वडील शिफ्टमध्ये आणि आई घरकामात किंवा पॅकिंगला, तिथे त्या मुलाचं पुढे काय होतं? तो घरी बसतो. टीव्ही आणि मोबाइल. हळूहळू शाळेत शिकलेलंही विसरतो. वजन वाढतं, चिडचिड वाढते. बाहेरच्या जगाला तो दिसेनासा होतो, आणि आपण म्हणतो, "आमच्या एरियात असं कुणी नाही."

अनाथ मुलांचं तर आणखी अवघड. बालगृह अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतं. अठरा पूर्ण झाले की नियमाने बाहेर. पण ज्याला पैसे मोजता येत नाहीत, तो बाहेर पडून जाणार कुठे? शंकरबाबा वर्षानुवर्षं सरकारकडे जी मागणी करत आले ती हीच, की अठरा वर्षांवरच्या अनाथ दिव्यांगांना आयुष्यभर राहता येईल असा कायदा करा. पद्मश्रीपेक्षा त्यांना हे मोठं वाटतं.

आणि घरच्या मुलांच्या आई-वडिलांना रात्री झोप न लागू देणारा प्रश्न एकच असतो. "आमच्यामागे याचं कसं?" कायद्यात काही आधार आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा वर्षांनंतर पालकत्वाचा अर्ज करता येतो, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. त्याच न्यासाची 'निरामय' ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड काढलं तर पुढची बरीच दारं उघडतात. ज्यांना लागू असेल त्यांनी नोंद करून ठेवा.

पण कागद माणसाची ओळख देत नाही. उद्या आई-वडील नसताना, "अरे, हा आपला बंटी, रोज सकाळी कोपऱ्यावरच्या करंजाला पाणी घालतो" असं म्हणणारे वीस जण गल्लीत असतील, तर तो सुरक्षित राहतो. ती ओळख मिळते कामातून, सोबत केलेल्या कामातून.

सोबत राहण्याचे प्रयोग

ही कल्पना नवी नाही. १९४० मध्ये स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ कार्ल कोनिग या बालरोगतज्ज्ञाने कॅम्पहिल नावाची वस्ती सुरू केली. हिटलरच्या काळात ऑस्ट्रियातून निसटून आलेला माणूस. बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले लोक एकत्र राहतात, शेती-बागकाम-स्वयंपाक एकत्र करतात, ही त्यामागची कल्पना. आज तशा वस्त्या अनेक देशांत आहेत.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात कोळवणजवळ 'साधना व्हिलेज' आहे. १९९० च्या दशकात सुरू झालेलं. मोठ्या वयाचे विशेष मित्र आणि कार्यकर्ते तिथे घरासारखे एकत्र राहतात. सोबतच आसपासच्या गावांत विकासाचं कामही चालतं.

आणि विदर्भात श्रमदान काय नवं आहे? गाडगेबाबा गावात आले की कीर्तनाआधी खराटा. तुकडोजी महाराजांनी तर सामूहिक सफाईला प्रार्थनेइतकंच महत्त्व दिलं. खराटा हातात देताना कुणी कुणाची मार्कशीट मागितली नाही.

आपल्याला वस्ती उभारायची नाही. आपल्याला एका गल्लीपुरतं करायचं आहे. तर मग, कसं?

काम बदला, माणूस नाही

२०१६ च्या कायद्यात एक कल्पना आहे, वाजवी सोय. म्हणजे माणसाला काम जमत नसेल, तर कामाची पद्धत, वेळ, साधन यात जमेल तेवढा बदल करा. व्हीलचेअरसाठी उतार करतो ना, तसा समजुतीसाठीही उतार करता येतो. समजा, बंटी तेवीस वर्षांचा आहे, वाचता येत नाही, आकडे पाचापर्यंत. त्याला तुमच्या ग्रुपमध्ये घ्यायचं आहे.

पहिली गोष्ट, मटका. "झाडाला पुरेसं पाणी घाल" ही सूचना बंटीसाठी अवघड आहे. पुरेसं म्हणजे किती? खरं तर आपल्यालाही माहीत नसतं. त्यापेक्षा रोपाच्या शेजारी मातीचा साधा, न भाजलेला नव्हे, भाजलेला पण पाझरणारा मटका गळ्यापर्यंत पुरा आणि वर झाकण ठेवा. मटक्यातून पाणी हळूहळू मुळांशी झिरपतं, उन्हाने उडून जात नाही. ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे. आता सूचना काय झाली? "झाकण काढ, काठोकाठ भर, झाकण लाव." रिकामं आणि भरलेलं, दोन्ही डोळ्यांना दिसतं. चुकायला जागाच नाही. पाणीही वाचतं. बंटीसाठी केलेली सोय झाडाच्याही फायद्याची निघाली.

दुसरी, कामाचे तुकडे. बादली घे. नळाखाली ठेव. लाल पट्टीपर्यंत भर. लाल रिबिनीच्या झाडाकडे जा. झाकण काढ. ओत. झाकण लाव. प्रत्येक तुकड्याचा मोबाइलवर फोटो काढा, प्रिंट करून लॅमिनेट करा. हे चित्रकार्ड बादलीच्या कडीला बांधा. शिकवताना विशेष शिक्षक एक युक्ती वापरतात. शेवटचा तुकडा आधी शिकवतात. पहिल्या दिवशी सगळं तुम्ही करा, शेवटचं झाकण फक्त बंटी लावेल. काम त्याच्या हाताने पूर्ण होतं. मग शेवटचे दोन, मग तीन, असं मागे मागे जायचं.

तिसरी, जोडीदार. एकाला एक. दर वेळी तोच. जोडीदार म्हणजे सुपरवायझर नव्हे, त्याचीही स्वतःची झाडं असावीत. दोघं शेजारी शेजारी काम करतात. जोडीदार येणार नसेल तर आदल्या दिवशी सांगा, आणि दुसरा ओळखीचाच पाठवा.

चौथी, ठरलेला दिवस आणि बदलाची तयारी. मंगळवार-शुक्रवार, सकाळी सात. पाऊस आला तर? त्यासाठी वेगळं चित्रकार्ड ठेवा. छत्रीचं चित्र म्हणजे आज पाणी नाही, आज आळ्यातलं गवत काढायचं. नेम मोडला की काहींना खूप त्रास होतो. आधीच दाखवलं तर होत नाही, निदान कमी होतो.

पाचवी, आवाज आणि ऊन. उद्घाटनाचा डीजे, माइकची शिट्टी, फटाके, यात ऑटिझम असलेला माणूस कान दाबून पळून जाईल. तो उद्धट नाही, त्याला ते खरंच दुखतं. आणि उन्हाळ्यात आठ-साडेआठला काम बंद. काही जणांना फिट येतात, आणि काही औषधांमुळे घाम कमी येतो, मग अंग लवकर तापतं. घरच्यांना आधी विचारा. कोणतं औषध, फिट आली तर काय करायचं, कुणाला फोन करायचा.

सहावी, बोलणं. बंटी समोर उभा असताना त्याच्या आईला "काकू, हा येईल का?" असं विचारू नका. बंटीला विचारा. छोटं वाक्य, एका वेळी एक गोष्ट, मग थांबा. दहा सेकंद थांबा. उत्तर येतं. आपणच घाई करतो.

सातवी, फोटो. त्याला आणि घरच्यांना विचारल्याशिवाय स्टेटसला टाकायचा नाही. आणि टाकलाच तर खाली "आज आम्ही या विशेष मुलांना आनंद दिला" असं लिहू नका. त्याने झाड जगवलंय. तेवढं लिहा.

बुटीबोरीसाठी खास इशारा

आपण औद्योगिक गावात राहतो, म्हणून हे वेगळं सांगते. कचरा वेचण्याच्या मोहिमेत ड्रम, केमिकलचे कॅन, रंगीत गाळ, ट्यूबलाइट, इंजेक्शनच्या सुया दिसल्या तर कुणीच हात लावायचा नाही. ना बंटीने, ना तुम्ही. जागेचा फोटो काढा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. "हात लावायचा नाही" या वस्तूंचंही चित्रकार्ड करा, त्यावर मोठी लाल फुली. हातमोजे सगळ्यांना. नाल्यात, नदीपात्रात उतरायचं काम या ग्रुपला द्यायचंच नाही.

फुकटचं मनुष्यबळ नव्हे

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलू. गल्लीतल्या झाडांना आपण सगळे मिळून पाणी घालतो, कुणीच पैसे घेत नाही, तर ती स्वयंसेवा. पण एखाद्या कंपनीची किंवा सोसायटीची बाग बंटी रोज सांभाळतो, आणि त्याच कामाचे माळ्याला पगार म्हणून पैसे मिळायचे, तर ती नोकरी आहे. तिथे "त्याचा वेळ जातो ना छान" म्हणून फुकट राबवून घेणं हे शोषण आहे.

कंपन्यांसाठी तर रस्ता मोकळा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यात, ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, किंवा १,००० कोटींची उलाढाल, किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. त्या कामांच्या यादीत पर्यावरण आहे, आणि दिव्यांगांना रोजगारासाठी कौशल्य देणंही आहे. म्हणजे एकाच रोपवाटिकेत दोन्ही बसतं. पिशव्यांत माती भरणं, बिया टोकणं, रोपं मोजून ट्रेमध्ये लावणं, ही सगळी तुकडे करून शिकवता येणारी कामं आहेत. तुमच्यापैकी कुणी एमआयडीसीत एचआरमध्ये असाल, तर पुढच्या जुलैच्या आधी हा प्रस्ताव टेबलावर ठेवा. मानधनासकट.

नेहमी येणारे दोन प्रश्न

"घरचे पाठवत नाहीत." बरोबर आहे. त्यांनी लोकांचं हसणं पाहिलेलं असतं. एकदम मुलगा मागू नका. आधी आईला किंवा दादाला सोबत बोलवा, त्यांना नुसतं बघू द्या. दोन-तीन आठवडे जातील. जाऊ द्या.

"आमचं काम हळू होईल." होईल. पहिला महिना नक्की होईल. पण हिशेब कशाचा करायचा? एका सकाळी पाचशे खड्डे, की तीन वर्षांनी उभी असलेली चाळीस झाडं?

तर आता काय करायचं

शंभर झाडांचा संकल्प सोडू नका. पाच झाडं घ्या, जी आधीच कुणीतरी लावून सोडून दिली आहेत. पाच मटके, एक बादली, लाल रिबीन, सात फोटो. आणि तुमच्या गल्लीत, वॉर्डात, नात्यात एक माणूस शोधा, जो अठरा झाल्यापासून घरात बसून आहे. शोधलं की सापडतो. त्याला विचारा, येतोस का? नाही म्हणाला तर पुन्हा कधीतरी विचारा.

हो म्हणाला, तर मंगळवारी सकाळी सातला वेळेवर जा. तो तयार होऊन दारात उभा असेल. तुम्ही उशीर करू नका.

हा भाग कुणा एका घरी पोचावा असं वाटत असेल, तर त्यांना लिंक पाठवा. वाचायला जमत नसेल त्यांना ऐकवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, ऊन वाढतंय, पाणी पीत राहा. आणि पाजत राहा.